श्रवण : पूर्वतयारी आणि आवृत्ती

विद्यार्जनात श्रवणाचे स्थान पहिले आहे, ही गोष्ट आपल्याकडे निराळी शिकवावी लागत नाही. आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन, हा क्रम याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीस सांगितला. शाळेचा वर्ग असो, महाविद्यालयातील व्याख्यान असो, की देवळाच्या सभामंडपातील प्रवचन असो, एकाने बोलावे आणि अनेकांनी ऐकावे ही रीत अद्याप तशीच चालू आहे. परंतु ऐकून उठलेल्या मंडळींस दुसऱ्या दिवशी विचारावे की काल काय सांगितले गेले, तर एखाद-दुसरा नीट सांगतो, काहींस तुटक तुटक आठवते, आणि बाकीचे "फार चांगले बोलले" एवढे म्हणून गप्प बसतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. प्रवचन विसरले म्हणून कोणी नापास होत नाही. व्याख्यान न कळलेला मुलगा मात्र वर्षभर मागे पडत जातो आणि अखेरीस स्वतःस मंदबुद्धी समजू लागतो. म्हणून ऐकणारा रिकाम्या हाताने परत गेला तर दोष कोणाचा, या प्रश्नाचा विचार आम्ही आज करणार आहोत.

या प्रश्नास दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की दोष वक्त्याचा. त्यास समजावून सांगता आले नाही. दुसरे असे की दोष श्रोत्याचा. त्यास अधिकार नव्हता. पहिले उत्तर पुष्कळ वेळा खरे असते, पण ते पुरेसे नाही. एकाच वर्गात, एकाच शिक्षकाच्या तोंडून, एकाच तासात ऐकलेली गोष्ट एकास कळते आणि त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्यास कळत नाही, याचा उलगडा त्या उत्तराने होत नाही. दुसरे उत्तर आपल्या परंपरेस अधिक मानवले आहे. वेदान्ताने तर श्रवणास बसण्यापूर्वी विवेक, वैराग्य, शमदमादि षट्क आणि मुमुक्षुत्व अशी चार साधने अंगी असावीत असा नियमच घातला. भूमी नांगरल्यावाचून बी टाकू नये, हा त्यातील भाव योग्यच आहे. परंतु अधिकार म्हणजे नेमके काय, तो मनुष्य बरोबर घेऊन जन्मतो की तो घडविता येतो, यावर सारे अवलंबून आहे.

छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतूची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बाराव्या वर्षी तो गुरुगृही गेला, बारा वर्षे वेदाध्ययन करून चोविसाव्या वर्षी परतला, आणि परतला तो विद्येचा ताठा घेऊनच. त्याचे पिता उद्दालक यांनी त्यास एकदम मुख्य सिद्धान्त सांगितला नाही. त्यांनी त्यास पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास लावले. पाणी मात्र पिऊ दिले. नंतर त्यांनी ऋचा, यजू आणि सामे म्हणावयास सांगितली, तेव्हा पाठ असलेले त्यास काही आठवेना. जेवल्यावर मात्र सारे आठवले. मन अन्नावर अवलंबून असते हे त्यास शब्दांनी कळण्याआधी अनुभवाने कळले. ही झाली पूर्वतयारी. त्यानंतर उद्दालकांनी आत्म्याविषयीचा आपला सिद्धान्त सांगितला, आणि तो एकदा नव्हे तर नऊ वेळा सांगितला. कधी मधाचा दृष्टान्त, कधी नद्यांचा, कधी वडाच्या बीजाचा, कधी पाण्यात विरघळलेल्या मिठाचा. मिठाच्या वेळी तर त्यांनी पाण्यात खडा टाकविला आणि सकाळी ते पाणी वरून, मधून आणि तळातून चाखावयास लावले. आणि पुन्हा सांगावे अशी विनंती दर वेळी श्वेतकेतूने स्वतः केली. बारा वर्षे शिकून आलेल्या, ताठ मानेच्या तरुणाने "मला अजून कळले नाही" असे वारंवार म्हणावे, यातच त्याचा खरा अधिकार सिद्ध झाला, असे आम्हांस वाटते.

या एका कथेत आमच्या विषयाची दोन्ही अंगे आली आहेत: ऐकण्यापूर्वीची तयारी आणि ऐकल्यानंतरची आवृत्ती. आता त्यांचा वेगवेगळा विचार करू.

पूर्वतयारीने ऐकणे सोपे का होते? मनुष्य नुसत्या कानाने ऐकत नाही. आधीच्या ज्ञानाने ऐकतो. नवे वाक्य आले की मन त्यास आत कोठेतरी खुंटी शोधते. खुंटी असली तर वाक्य तेथे अडकते, नसली तर खाली पडते. आपल्या नारदीय कीर्तनाची रचना पाहावी. पूर्वरंगात बुवा मूळ पद घेऊन त्यातील तत्त्व उलगडतात, मध्ये नामाचा गजर होतो, आणि उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून पुन्हा समोर येते. आख्यान बहुधा श्रोत्यांस ठाऊकच असते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे सभामंडपातील आजीबाईसही माहीत असते, म्हणूनच तिचे लक्ष कथेत अडकून न राहता तत्त्वाकडे जाऊ शकते. आमच्या जिल्ह्यातील गोंड समाजात परधान मंडळी किकरी नावाच्या तंतुवाद्यावर कुळांच्या उत्पत्तीच्या कथा गातात. त्या कथाही ऐकणाऱ्यांस नव्या नसतात. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या असतात, आणि म्हणूनच त्या अंगात भिनतात.

अलीकडच्या मानसशास्त्रानेही याच दिशेने विचार केला आहे. डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना पोलादाच्या गुणधर्मांविषयीचा एक अपरिचित पाठ वाचावयाचा होता. काहींना त्याआधी धातू व मिश्रधातू यांतील साम्य व भेद सांगणारा छोटा उतारा दिला. इतरांना त्याच विषयाचा इतिहास सांगणारा उतारा दिला. पहिल्या गटास मूळ पाठ अधिक चांगला ध्यानात राहिला. हा फरक फार मोठा नव्हता आणि प्रयोग व्याख्यानाचा नसून वाचनाचा होता. तथापि त्यातून निघणारा बोध लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्वतयारी म्हणजे विषयाभोवतीची कोणतीही माहिती नव्हे. पुढे येणाऱ्या गोष्टी जिच्यावर मांडता येतील अशी चौकट मनात आधी उभी करणे, ही खरी पूर्वतयारी होय.

आता हा विचार आदिलाबादच्या मुलाकडे वळवू. पैनगंगेच्या अलीकडच्या या मुलखात घरोघरी एक भाषा नाही. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या गोंडी, कोलामी, बंजारा किंवा उर्दू. मराठी शाळेत शिकलेला मुलगा पुढे तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसतो. हिरवी पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करतात, ही गोष्ट त्यास मराठीत प्रकाशसंश्लेषण या नावाने शिकविलेली असते. तीच गोष्ट तेलुगूत किरणजन्य संयोगक्रिया म्हणून येते आणि इंग्रजीत फोटोसिंथेसिस म्हणून. वस्तू त्यास ठाऊक आहे. नाव ठाऊक नाही. नाव म्हणजे काय असेल याचा विचार तो करीत असताना शिक्षक चार वाक्ये पुढे गेलेले असतात. अशा मुलास आदल्या दिवशी एका कागदावर दहा शब्द तिन्ही भाषांत लिहून दिले असते, तर तो तास त्याचा झाला असता. जो अडथळा बुद्धीचा म्हणून गणला गेला, तो वास्तविक दहा शब्दांचा होता.

या प्रश्नाचा आमच्या भागास जुना अनुभव आहे. निजामाच्या राजवटीत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व उर्दू हे तेथील शिक्षणाचे माध्यम ठरले. परंतु व्याख्याने उर्दूत द्यावयाची तर उर्दूत ग्रंथ हवेत, हे ओळखून आदल्याच वर्षी, १९१७ साली, भाषांतराचे स्वतंत्र खाते काढण्यात आले होते. व्याख्यानाआधी साधने सिद्ध असावीत ही दृष्टी त्यात होती. मात्र ज्या मराठी व तेलुगू मुलांच्या घरी उर्दू नव्हती, त्यांच्यासाठी उर्दूपर्यंत नेणारा पूल कोणी बांधावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नास जिल्ह्यातील एका लहान गावी थोडे उत्तर मिळाले. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांच्या गाऱ्हाण्यांकडे सरकारचे लक्ष गेले, आणि ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मुलखात आले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. हे गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ च्या पुनर्रचनेपासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. तेथे गोंडी भाषेतील वाचनमाला तयार करण्यात आली आणि तिच्यासाठी देवनागरी लिपी घेतली गेली. मुलाने प्रथम आपल्याच घरच्या शब्दांतून अक्षर ओळखावे, आणि मग त्याच अक्षरांच्या आधाराने पुढील भाषेकडे जावे, अशी ही योजना होती. ज्या मुलांस शिक्षणाचा अधिकार नाही असे सहज म्हटले गेले असते, त्यांचा अधिकार एका प्राथमिक पुस्तकाने घडविला. अधिकार घडविता येतो, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या संतांनीही वेगळे काय केले? गीता संस्कृतात होती आणि संस्कृत थोड्यांस येत होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानदेवांनी ती मराठीत उलगडली. पुढे प्रतींमध्ये पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण साधनच अशुद्ध असेल तर त्यावर केलेली तयारीही अशुद्ध होते. ज्यांस अधिकार नाही म्हणून दाराबाहेर उभे केले होते, त्यांच्यासाठी पायरी बांधण्याचे हे काम होते.

आता आवृत्तीकडे येऊ. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाचा आरंभच या विषयाने होतो. श्रवणादी साधने एकदा करून थांबावे की पुन्हा पुन्हा करावीत, असा तेथे प्रश्न आहे. आणि उपदेश अनेकदा केलेला आढळतो, म्हणून आवृत्ती करावी असे उत्तर आहे. श्वेतकेतूस नऊ वेळा केलेला उपदेश याच कारणाने येथे स्मरतो. शंकराचार्यांनी त्यावर केलेले विवेचन फार मार्मिक आहे. ज्यास एकदाच ऐकून अर्थ उमगला त्यास आवृत्तीची गरज नाही, असे ते मोकळेपणाने मान्य करतात. ज्यास उमगला नाही त्यासाठी ती आहे. आणि दृष्टान्त देतात तो साळ कांडण्याचा. उखळात साळ घालून मुसळाचे किती घाव घालावेत? याची संख्या कोणी ठरवून ठेवीत नाही. तांदूळ निघेपर्यंत घालावेत. कांडणाचे फळ डोळ्यांना दिसणारे आहे, म्हणून फळ दिसेपर्यंत कांडावे.

हा दृष्टान्त आम्हांस विद्यार्थ्यांइतकाच देवळात येणाऱ्या मंडळींसही उपयोगी वाटतो. आपल्याकडे आवृत्तीची मोजदाद फार होते. पारायणे किती झाली, धडा किती वेळा वाचला, वही किती भरली, हे अभिमानाने सांगितले जाते. परंतु मुसळाचे घाव मोजणाऱ्या गृहिणीस आपण शहाणी म्हणणार नाही. ती मधून मधून मूठभर साळ सुपात घेते, पाखडते, आणि तांदूळ सुटला की नाही ते पाहते. विद्यार्थ्याने पुस्तक मिटून, ऐकलेले आपल्या शब्दांत सांगून पाहणे, हे त्याचे पाखडणे होय.

येथेही प्रयोगांचा दाखला आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करावयाचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजावयाचे, अशी त्याची पद्धत होती. तासाभराने निम्म्याहून कमी श्रम वाचत; एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश. म्हणजे विस्मरणाचा मोठा लोट पहिल्या काही तासांतच येतो, आणि पुढे तो मंदावतो. म्हणून उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, तर ऐकल्याच्या संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी व्हावी. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही असाच बोलका आहे. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांस सुमारे ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांस सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला. पुन्हा वाचल्याने आपल्यास येते असे वाटते. न पाहता सांगितल्याने खरोखर येऊ लागते.

दोन श्रवणांमध्ये अंतर असावे आणि ऐकलेले कोणीतरी लिहून ठेवावे, याचे सुंदर उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातील आहे. १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवारांत अठरा अध्याय झाले, आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. मधले सहा दिवस मननास मोकळे होते. ऐकणाऱ्यांपैकी एकाने हाती लेखणी घेतली, म्हणून ती प्रवचने तुरुंगाच्या भिंतींबाहेर असंख्य घरांत पोहोचली.

येथे दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला असा की तयार टिपणे आणि बाजारातील मार्गदर्शिका यांनी विद्यार्थी आळशी होतो. हे खरे आहे. परंतु जे साधन व्याख्यानाच्या दारापर्यंत नेते आणि जे साधन व्याख्यानाच्या जागी बसते, ती दोन्ही एक नव्हेत. ज्या टिपणाने मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो आणि तो उत्सुकतेने वर्गात जातो, ते टिपण चांगले. ज्या पुस्तकाने "आता वर्गात जाण्याची गरज नाही" असे त्यास वाटते, ते पुस्तक त्याचे नुकसान करते. ही कसोटी प्रत्येक पालकास घरच्या घरी लावून पाहता येईल. दुसरा आक्षेप असा की आवृत्तीने पोपट तयार होतात. याचे उत्तर यास्कांनी निरुक्तात फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. वेद पाठ करूनही अर्थ न जाणणाऱ्यास त्यांनी ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेक अक्षर सांभाळले, ते त्या कार्यासाठी योग्यच होते. ग्रंथ जसाच्या तसा टिकवावयाचा होता, आणि तो टिकला. पण टिकविणे आणि समजणे ही दोन कार्ये आहेत. ज्या विद्यार्थ्यास समजावयाचे आहे, त्याने शब्द तेच ठेवून दृष्टान्त बदलावेत, जसे उद्दालकांनी बदलले.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमचे उत्तर असे की पूर्वतयारी हे समाजाचे देणे आहे आणि आवृत्ती हे विद्यार्थ्याचे तप आहे. सुशिक्षित घरातील मुलास पूर्वतयारी फुकट मिळते. जेवताना वडील बोलतात, घरात पुस्तके असतात, अवघड शब्द कानांवरून गेलेला असतो. तो वर्गात जातो तेव्हा अर्धा विषय त्याच्या ओळखीचा असतो, आणि आपण त्यास हुशार म्हणतो. ज्याच्या घरी अक्षर पहिल्यांदाच शिरत आहे, ज्याच्या आईची भाषा वर्गातील भाषेहून निराळी आहे, तो मोकळ्या हाताने जातो, आणि आपण त्यास मठ्ठ म्हणतो. हा न्याय नव्हे. जे एका घरात जन्माबरोबर मिळते ते दुसऱ्या घरातील मुलास हेतुपुरस्सर पोहोचविणे, हे विद्यादानाचे पहिले अंग होय. व्याख्यान हे दुसरे.

परंतु दिलेले साधन कितीही उत्तम असले तरी कांडण ज्याचे त्यानेच करावयाचे असते. श्रीमंताच्या मुलासही हे दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, आणि गरिबाच्या मुलापासून हे कोणी हिरावून घेऊ शकत नाही. एकदा पूर्वतयारीचे देणे फिटले की पुढे सारे मुसळ उचलणाऱ्या हातावर आहे. ते देणे फेडल्यावाचून मात्र "तू कष्ट कर" असा उपदेश करण्याचा हक्क समाजास पोहोचत नाही.

आमची सूचना लहान आहे. प्रत्येक गावच्या देवळात सायंकाळच्या आरतीनंतर सभामंडपातील दिवा तासभर जळत ठेवावा. गावातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी उद्याच्या धड्यातील दहा शब्द तीन भाषांत फळ्यावर लिहावेत आणि एक प्रश्न लिहावा, उत्तर नव्हे. लहान मुलांनी आज वर्गात ऐकलेले पुस्तक न उघडता एकमेकांस सांगावे. आठ दिवसांनी तेच पुन्हा सांगावे. ज्यास सांगता आले नाही त्यास कोणी हसू नये. "पुन्हा सांगा" म्हणणारा मुलगा श्वेतकेतूच्या मार्गावर आहे, हे मोठ्या माणसांनी ध्यानात ठेवावे. प्रवचनाच्या सप्ताहातही हीच पद्धत ठेवावी. आदल्या दिवशी विषय व चार कठीण शब्द फळ्यावर यावेत, आणि दुसऱ्या दिवशी प्रवचनापूर्वी कालचा सारांश बुवांनी न सांगता श्रोत्यांपैकी एकाने सांगावा. यास पैसा फारसा लागत नाही. एक फळा, थोडा खडू आणि तासभर दिवा एवढ्यावर हे काम भागते, आणि आरंभ येत्या आठवड्यातही करता येईल.